रिकामी बंदूक

“तुम्ही बघितलंत. माझ्या डोळ्यांदेखत बघितलंत. मग मी पुन्हा कशाला बघू?”

उस्तादांनी बंदूक पुढे धरली होती, ती तशीच धरून ठेवली. नळीचं मागचं तोंड मिटणारा बोल्ट उघडा, पुढचं तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडे.

रेणुकानं ती घेतली. न बघताच घेतली.

उस्तादांनी ती शांतपणे तिच्या हातातून परत काढून घेतली. बोल्ट मिटला, पुन्हा उघडला, आत बघितलं, करंगळीचं टोक आत घालून चाचपलं.

“रिकामी,” ते म्हणाले. आणि पुन्हा तिच्यासमोर धरली.

रेणुका जगदाळे फौजदार होती. कमरेला पिस्तूल लावून हिंडण्यात तिला आता नवं काही वाटत नव्हतं. जिल्ह्याच्या पोलिसांत तिच्या नेमाला तोड नाही, असं लोक तिच्या तोंडावर म्हणत, आणि पाठीमागेही म्हणत. राज्याच्या पोलीस नेमबाजी स्पर्धेत उतरायचं तिनं मनावर घेतलं, तेव्हा सगळ्यांनी एकच नाव सांगितलं होतं. दस्तगीर शिकलगार.

शिकलगार सैन्यात जवानांना गोळी चालवायला शिकवत. तिथलं ‘उस्ताद’ हे नाव निवृत्तीनंतरही त्यांना चिकटून राहिलं. मिरजेच्या पूर्वेला द्राक्षांचे मळे संपतात आणि उघडा माळ लागतो, तिथल्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत त्यांनी रेंज उभी केली होती. पाठीशी खाणीचा उभा कडा होता. तरी त्याच्यापुढे त्यांनी ट्रॉलीमागून ट्रॉली माती आणून उंच बांध घातला. दगड गोळी परत फेकतो, माती ठेवून घेते, असं ते म्हणत.

“उस्ताद, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“रागावलो तर रागावलो. विचार.”

“तुम्ही देण्याआधी बघता. मग लगेच मी बघायचं. म्हणजे माझा तुमच्यावर विश्वास नाही, असंच झालं की.”

“नसावाच.”

रेणुका हसली. मग तिच्या लक्षात आलं, ते हसत नव्हते.

“गुरूवर विश्वास नसावा?”

“गुरूवर असावा…”

उस्तादांनी बंदूक बोटभर पुढे सरकवली.

“ही गुरू नव्हे.”

रेणुकानं आत बघितलं. करंगळी घातली. “रिकामी,” ती म्हणाली. शाळेत नावडता पाढा म्हणावा तशी म्हणाली.

*

नेम तिचा खरोखरच होता. बंदूक खांद्याला लागली की तिचा श्वास आपोआप संथ व्हायचा, आणि कागदावरच्या काळ्या वर्तुळाखेरीज जगात काही उरायचं नाही. उस्ताद तिच्या मागे उभे राहत. नेमाबद्दल ते फार बोलत नसत. बोलायचे ते भलत्याच गोष्टींबद्दल.

बंदूक ठेवताना नळी कुठे होती? मान वळवलीस, तेव्हा बंदूक तुझ्याबरोबर वळली का? नेमबाज उभे राहतात त्या पांढऱ्या रेघेपुढे माणूस गेला, तेव्हा तुझा हात कुठे होता?

तिला हे सगळं सोवळ्यासारखं वाटायचं. दर उंबऱ्याला नमस्कार करत चालणारी माणसं असतात. मुक्कामाला उशिरा पोचतात बिचारी.

एकदा ती शेजारच्या नेमबाजाशी बोलत होती. बंदूक बांधाकडेच होती. पण बोलता बोलता तिचं बोट चापावर जाऊन टेकलं.

मागून उस्तादांचा आवाज आला.

“रेणुका. बाक.”

रेंजच्या फाटकाशी कडुनिंबाखाली एक दगडी बाक होता. ज्याच्या हातून चूक होईल, त्यानं बंदूक ठेवायची, रेघ सोडायची आणि रेंज बंद होईपर्यंत तिथं बसायचं. पुढच्या खेपेला पहिल्या धड्यापासून सुरुवात. हा नियम सगळ्यांना होता. एका निवृत्त न्यायाधीशांनीही तिथं बसून एक अख्खी सकाळ कडुनिंबाच्या काड्या मोडल्या होत्या.

“सेफ्टी लावलेली होती, उस्ताद. चाप हललाच नसता.”

“सेफ्टी लोखंडाची असते.”

“मग?”

“लोखंड झिजतं… बाक मोकळा आहे.”

ती बसली. कान तापले होते. चोरांना आणि दारुड्यांना बाकावर बसवणारी फौजदार, स्वतः बाकावर. त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. मोटारसायकल काढताना तिनं ठरवलं, स्पर्धा झाली की या माळावर पुन्हा पाय ठेवायचा नाही.

तरी पुढच्या रविवारी ती आली. पहिला धडा पुन्हा गिरवला. बोल्ट उघड, बघ, बोट घाल, बोल.

रिकामी.

*

जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली. बातमी फुटली, तशी स्थानिक वर्तमानपत्राचा बातमीदार तिचा फोटो काढायला रेंजवर आला. सुहास कोष्टी त्याचं नाव. हसरा, घाईचा माणूस, गळ्यात कॅमेरा. बातमीही तोच लिहायचा, फोटोही तोच काढायचा.

रविवारची सकाळ होती. उन्हाला धार चढत होती. रेघेवर मोजकेच नेमबाज होते. उस्ताद एका टोकाला रेंजची जुनी बंदूक तपासत बसले होते. तिची तक्रार अशी, की बोल्ट मागे ओढला की गोळी बाहेर ओढणारा जो छोटा आकडा असतो, तो झिजला होता. कधी पकडायचा, कधी सोडून द्यायचा. नवा आकडा मागवलेला होता. तोवर उस्ताद ती कुणाच्या हाती देत नव्हते, स्वतःच चार-दोन गोळ्या मारून बघत होते.

“उस्ताद,” कोष्टीनं लांबूनच हाक मारली. “ऊन डोक्यावर यायच्या आत फोटो घेऊ. मॅडमच्या हातात एक बंदूक द्या. ती जुनीच द्या, लाकडी दस्त्याची. फोटोत उठून दिसते.”

उस्तादांनी बोल्ट मागे ओढला. बाहेर काही पडलं नाही. त्यांनी बंदूक कलती करून आत नजर टाकली. ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. कोष्टी पुन्हा म्हणाला, “या ना लवकर.” रेघेच्या दुसऱ्या टोकाला कुणी तरी अजून गोळी मारत होतं, आणि कोष्टीचा एक पाय रेघेकडे निघाला होता. उस्तादांचं अर्धं लक्ष त्या पायाकडे होतं.

“रिकामी,” ते म्हणाले, आणि बंदूक रेणुकाच्या हाती देऊन लगबगीनं गोळीबार थांबवायला गेले.

रेणुकानं ती घेतली. कोष्टी तिच्याकडे बघत होता. पाहुण्यासमोर बंदुकीत करंगळी घालून ‘रिकामी’ म्हणायचं तिच्या जिवावर आलं. तिनं नळी आभाळाकडे केली आणि छान दिसेल अशी उभी राहिली.

“असं नको, मॅडम. असं सगळेच काढतात,” कोष्टी म्हणाला. तो तिच्यासमोर येऊन एक गुडघा टेकून बसला. “सरळ माझ्यावर रोखा. कॅमेऱ्याच्या काचेत बघायचं, बोट चापावर. उद्या पेपर उघडल्या उघडल्या गुन्हेगारांना धडकी भरली पाहिजे.”

“तसं चालत नाही इथं.”

“रिकामीच आहे ना?”

“रिकामीच आहे. उस्तादांनी बघितलीय.”

“मग झालं तर. एकच सेकंद.”

रेणुकानं मागे बघितलं. उस्ताद दूर होते, पाठमोरे. पेपरचं पहिलं पान तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्यावर ती, डोळ्याला डोळा भिडवून. आई तो कापून ठेवेल. साहेबही बघतील.

एक सेकंद.

“आणि ते मागचं बंद करा, मॅडम. उघडं राहिलं की मोडकी वाटते.”

बोल्ट मिटायला तिनं हात नेला. आणि पहिल्या धड्याच्या सवयीनं तिची करंगळी तेवढ्यात आत जाऊन आली. हे तिनं ठरवून केलं नाही. हातानंच केलं.

आत पोकळ लागायला हवं होतं.

गुळगुळीत लागलं. थंड, गोल, नाण्याच्या कडेसारखं.

तिनं पुन्हा चाचपलं.

कॅमेऱ्यामागून कोष्टी म्हणाला, “हं, हसू नका. रागानं बघा.”

रेणुका जागची हलली नाही. नळी अजून आभाळाकडेच होती, एवढंच तिला कळत होतं.

“कोष्टी,” ती एकेक शब्द तोडून म्हणाली. “उठा. माझ्या मागे या. पळू नका… नुसते मागे या.”

रेघेवरचा गोळीबार थांबला होता. तिचा आवाज ऐकून उस्ताद वळले.

*

उस्तादांनी काही विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरूनच ते समजले. त्यांनी सगळ्यांना रेघेच्या मागे घेतलं, कान झाकायला सांगितले, बांधापुढे कुणी नाही हे दोनदा बघितलं. मग रेणुका नळी वरच ठेवून रेघेपाशी आली आणि तिनं ती बांधाकडे उतरवली.

तिनं बोल्ट मिटला, उघडला. आकड्यानं गोळी धरली नाही. पुन्हा मिटला, उघडला. नाही.

“बांधात,” उस्ताद म्हणाले.

तिनं बोल्ट मिटला, बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला.

आवाज फार मोठा नव्हता. त्या बंदुकीचा कधीच नसतो. बांधावर ओंजळभर माती उडाली आणि खाली बसली.

कोष्टी जमिनीवर बसला होता. कॅमेरा मांडीत. तो त्या मातीकडे बघत होता.

“आज घरी शिकरण केलंय,” तो म्हणाला.

हे तो कुणाला सांगत होता, त्याचं त्यालाही कळलं नसावं. कुणी तरी त्याला पाणी आणून दिलं.

उस्तादांनी बंदूक रेणुकाकडून घेतली. उघडली, बघितली, करंगळी घातली. या वेळी बोट बराच वेळ आत राहिलं. मारलेल्या गोळीचं रिकामं पुंगळं आत घट्ट अडकलं होतं. त्यांनी एक बारीक सळई आणवली, पुढून घालून पुंगळं मागे ढकललं, पुन्हा चाचपलं, आणि बंदूक उघडीच टेबलावर ठेवली.

मग सगळ्यांकडे तोंड करून ते उभे राहिले.

“आज माझ्या हातून भरलेली बंदूक रिकामी म्हणून दिली गेली,” ते म्हणाले. आवाज नेहमीइतकाच होता. “मी बोट घातलं नव्हतं. रेंज आज बंद.”

“उस्ताद, झिजलेला आकडा होता तो. तुमचा काय दोष?” एक जण म्हणाला.

“आकड्यानं ‘रिकामी’ म्हटलं नव्हतं.”



उस्ताद फाटकाकडे चालू लागले. कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. एखाद्या नव्या रंगरुटासारखे.

*

माणसं एकेक करून गेली. कोष्टीलाही कुणी तरी गाडीवर मागे बसवून नेलं. त्यानं एकही फोटो काढला नव्हता.

रेणुका बाकापाशी आली. उभी राहिली.

“उस्ताद.”

“बोल.”

“तुम्ही मुद्दाम ठेवली होतीत ना? माझी परीक्षा म्हणून?”

तिला ‘हो’ ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं.

“नाही,” उस्ताद म्हणाले.

कडुनिंबात एक साळुंकी ओरडत होती.

“बोल्ट ओढला. काही बाहेर पडलं नाही. मला वाटलं, शेवटची मारून झालीय, पुंगळंही पडून गेलंय, आत काही नाही.” त्यांनी तळहात उलटा करून बघितला. “समोर माणूस उभा असताना असली परीक्षा घेणाऱ्याला गुरू म्हणत नाहीत, पोरी. त्याला तुम्ही पोलीस काय म्हणता, ते तुलाच ठाऊक.”

रेणुकाच्या मनात त्या क्षणी एक गोष्ट येऊन गेली, आणि ती आल्याची तिला लाज वाटली. चूक उस्तादांची. पकडली मी.

ती गोष्ट तिनं थोडा वेळ जवळ ठेवून बघितली. ती ऊबदार होती. पण टिकेना.

“उस्ताद… मी घेताना बघितली नव्हती.”

“हं.”

“आणि… मी ती कोष्टींवर रोखणार होते. फोटोसाठी. तो ‘एकच सेकंद’ म्हणाला. मी तुमची पाठ बघितली आणि तयार झाले. बोल्ट मिटणारच होते. बोट कसं गेलं, मला माहीत नाही. माझी अक्कल नव्हती त्यात. मी तर त्याला मारणारच होते…”



उस्तादांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते थोडे सरकले. बाकावर जागा झाली.

रेणुका बसली.

दुपार कलेपर्यंत दोघं तिथं बसून होते. मधे एकदा उस्तादांनी डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी. अर्धी भाकरी त्यांनी तिच्या हातावर ठेवली. रस्त्यानं चाललेल्या एका मेंढपाळानं फाटकातून आत डोकावून त्या ताठ बसलेल्या जोडीला विचारलं, “एस्टी इथं थांबत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?”

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. उस्तादही.

*

दुसऱ्या दिवशी ठाण्यात तिची बंदोबस्ताची पाळी होती. शस्त्रांच्या खोलीतून हवालदार ढवळ्यांनी पिस्तूल काढून तिच्यासमोर धरलं.

“रिकामं आहे, मॅडम.”

रोज ते असंच म्हणत. रोज ती असंच घेई.

आज तिनं ते चुकून सुटलेली गोळी अडवणाऱ्या वाळूच्या पेटीकडे धरलं, वरचा भाग मागे ओढला, आत बघितलं, बोटानं चाचपलं. रिकामंच होतं.

ढवळ्यांचा चेहरा उतरला.

“माझी उभी हयात या खोलीत गेली, मॅडम. आजवर कुणी असं बघितलं नव्हतं.”

आठवड्यापूर्वीची रेणुका असती, तर ओशाळली असती. किंवा साहेबी आवाज काढला असता. तिनं पिस्तूल उघडंच ठेवून त्यांच्या हातात परत दिलं.

“आता तुम्ही बघा.”

“मी? तुम्ही आत्ता बघितलंत की.”

“तरी बघा, ढवळे. माझ्यावर विसंबू नका.”

ढवळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग पिस्तुलाकडे. मग वाकून, चष्मा कपाळावर सारून, नीट बघितलं.

“रिकामं,” ते म्हणाले. आणि काही क्षणांनी, आपल्याशीच बोलावं तसं, “हे बरं आहे. दोघांनाही रात्री झोप लागेल.”

*

रविवारी रेंज उघडली. फाटकाशी पहिल्या धड्याची नवी माणसं उभी होती, कॉलेजातल्या दोन मुली आणि एक दूधसंघातला कारकून. त्यांच्या रांगेत शेवटी उस्ताद उभे होते.

“रेणुका, तू शिकव आज,” ते म्हणाले.

“उस्ताद, मला लाज वाटते.”

“लाज वाटली तरी नळी बांधाकडे ठेव.”

तिनं शिकवलं. मुलींना, कारकुनाला. शेवटी ती उस्तादांसमोर आली. बोल्ट उघडला, बघितलं, बोट घातलं. “रिकामी,” म्हणाली आणि बंदूक पुढे धरली.

उस्तादांनी ती घेतली. आत बघायला ती डोळ्यांजवळ आणली. मग थोडी लांब नेली. मग मान कलती केली.

ते कसे बघतात, हे रेणुकानं इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. शिष्य गुरूच्या डोळ्यांत बघतात कुठं?

“उस्ताद, नीट दिसतं का तुम्हाला?”

त्यांनी करंगळी आत घातली, फिरवली.

“रिकामी.”

“मी डोळ्यांचं विचारलं.”

मुली आणि कारकून ऐकत होते. उस्तादांनी बंदूक टेबलावर ठेवली.

“उन्हात पांढरं होतं सगळं,” ते म्हणाले. “धुक्यासारखं. बऱ्याच दिवसांपासून.”

“मोतीबिंदू असेल. माझ्या आत्याला होता. दुपारी ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, आठवड्यात ती तांदूळ निवडायला लागली. मिरजेत डॉक्टरांची काय कमी आहे? मी घेऊन जाते.”

“नेशील?”

“नेईन. आणि तोवर तुमच्या हातून कुणाला बंदूक द्यायची नाही. मी देईन, नाहीतर दुसरं कुणी देईल. तुम्ही मागे उभं राहायचं.”

हे बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण कुणाला हुकूम सोडला ते.

उस्तादांच्या मिशा हलल्या.

“आता शिकवायला लागलीस,” ते म्हणाले.

*

त्याच सकाळी उशिरा कोष्टी आला. फाटकाशी घोटाळला, मग आत आला. कॅमेरा घेऊन आला होता. कुणी न सांगताच तो रेघेच्या मागे, नेमबाजांच्या पाठीशी जाऊन उभा राहिला आणि तिथून हलला नाही. रेणुकाचे फोटो त्यानं मागूनच काढले. तिची पाठ, वेणी, खांद्याला लावलेली बंदूक, आणि पुढे लांबवर मातीचा बांध.

“संपादक विचारतील, फौजदारबाईंचं तोंड कुठं आहे,” रेणुका म्हणाली.

“सांगेन, तोंड बांधाकडे असतं,” कोष्टी म्हणाला. मग जरा थांबून, “माझी बायको म्हणाली, त्या बाईंना एकदा जेवायला बोलवा.”

“कारण सांगितलंत तिला?”

“नाही… सांगेन.”

ऊन वर चढलं, तशी माणसं पांगली. उस्ताद कडुनिंबाखाली उभे होते. या वेळी बसलेले नव्हते. रेणुका त्यांच्याजवळ गेली. सांगायचं की नाही, असं तिचं आठवडाभर चाललं होतं.

“उस्ताद, गेल्या रविवारी झालं ते साहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणतात, स्पर्धेपर्यंत तू जागा बदल. शहरात नवी रेंज झालीय. सगळं नवं, यंत्रावर कागद पुढेमागे होतात. तिथले कोच फार मोठे आहेत म्हणे.”

“असतील.”

“म्हणे त्यांच्या हातून आजवर एकदाही चूक झालेली नाही.”

“कोण म्हणतं?”

“ते स्वतःच म्हणतात.”

उस्ताद बांधाकडे बघत राहिले. बांधावर गवताचे कोवळे कोंब आले होते. गोळ्यांनी भुसभुशीत झालेल्या मातीतच जास्त आले होते.

“मी साहेबांना अजून उत्तर दिलेलं नाही,” रेणुका म्हणाली. “तुम्ही सांगाल तसं.”

“यंत्रावर कागद पुढेमागे होतात?”

“हो.”

“मग माणसाला रेघेपुढे जावंच लागत नाही. चांगली सोय आहे.” त्यांनी मान डोलावली. “जाऊन बघ एकदा. मोठा माणूस आहे, नेम शिकवत असेल तर जरूर शीक.”

“आणि?”

उस्ताद तिच्याकडे वळले.

“त्याच्या हातची बंदूक घेऊ नकोस.”